आखाजीला आठवडा होता

नाशिक,
२२ एप्रिल २०२६

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, तुझा फोन आला तेव्हा तू सांगितलेस की वसतिगृहातल्या मैत्रिणींनी आपापल्या जन्मतारखेला कोणती मोठी माणसे जन्मली ते शोधून काढले. तुझ्या वाट्याला ३० एप्रिल, म्हणजे आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिख गाउस आणि अमेरिकेचे क्लॉड शॅनन एवढी माणसे आली. मग तू विचारलेस, "बाबा, पण यांचा एकमेकांशी आणि माझ्याशी संबंध तो काय?" त्या वेळी घरात पाहुणे होते, आणि मला नीट उत्तर देता आले नाही. पुढच्या गुरुवारी तू अठरा वर्षांची होतेस. हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून सवडीने लिहायला बसलो आहे.

ग्रहताऱ्यांच्या अर्थाने म्हणशील तर संबंध काहीही नाही, हे प्रथम स्पष्ट लिहितो. आज पृथ्वीवर आठशे कोटींहून अधिक माणसे आहेत, त्यांना वर्षाच्या दिवसांत वाटले तर एकेका तारखेच्या वाट्याला दोन कोटींच्या वर माणसे येतात. तुला गणितात हे शिकवले असेलच की खोलीत केवळ तेवीस माणसे जमली तरी त्यांतल्या कोणा दोघांची जन्मतारीख एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त भरते, कारण माणसे तेवीस असली तरी त्यांच्या जोड्या २५३ होतात. तुझ्या साठ जणांच्या वर्गात तर अशी जोडी न सापडली तरच नवल. योगायोग किती भुलवतात याचे एक उदाहरण मला परवा सापडले. गाउस २३ फेब्रुवारी १८५५ रोजी वारले, फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी आणि शॅनन २४ फेब्रुवारी २००१ रोजी. एकाच दिवशी जन्मलेले तिघे फेब्रुवारीतच गेले, हे पाहून क्षणभर अंगावर काटा आला होता. पण तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ चे आहे, आणि त्यांना वगळून नियम मांडणे हे खोटे टिपण लिहिण्यासारखे आहे.

तरीही ती नावे वाचताना मी एका जागी थांबलो, ती जागा म्हणजे गाउस यांची जन्मतारीख. आम्हा मोजणीच्या लोकांना गाउस परके नाहीत. शेताच्या कडेने मोजत मोजत पुन्हा मूळच्या दगडावर आले की थोडे अंतर चुकतेच, आणि ते चुकलेले अंतर कोणावरही अन्याय न होता सगळ्या बाजूंना कसे वाटून द्यावे, याचे जे शास्त्र आहे त्याच्या जनकांत गाउस यांचे नाव घेतले जाते. त्यांनी स्वतः हॅनोव्हर राज्याची मोजणी केली होती, आणि दूरच्या टेकडीवरचा बिंदू दिसावा म्हणून आरशाने सूर्यप्रकाश तिकडे फेकणारे एक यंत्रही तयार केले होते. जर्मनीच्या जुन्या दहा मार्कांच्या नोटेवर एका बाजूला त्यांचे चित्र होते आणि दुसऱ्या बाजूला त्याच मोजणीचे त्रिकोण होते. नाशिक रोडला नोटा छापल्या जातात, आपल्या ओळखीतली कितीतरी घरे त्या कामावर चालली, म्हणून ही गोष्ट मला विशेष वाटते.

अशा माणसाची स्वतःची जन्मतारीख मात्र घरात कोठे लिहून ठेवलेली नव्हती. त्यांचे घर गरीब होते, आणि आई डोरोथेआ यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या लक्षात एवढेच होते की मुलगा बुधवारी झाला, आणि त्या दिवशी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आठ दिवस उरले होते. आता हा सण ईस्टरवर अवलंबून असतो, तो ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी येतो. आणि ईस्टर दर वर्षी सरकतो, कारण वसंतातल्या दिवस-रात्र समान होण्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार तो ईस्टर, असा त्याचा नियम आहे. म्हणजे आपल्या तिथीसारखेच झाले, चंद्र आणि सूर्य या दोघांचा मेळ घातल्याशिवाय उत्तर येत नाही. पुढे १८०० साली गाउस यांनी कोणत्याही वर्षाचा ईस्टर साध्या भागाकारांनी आणि बाक्यांनी काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्या हिशेबाने १७७७ सालचा ईस्टर ३० मार्चला येतो, स्वर्गारोहण ८ मेला, आणि त्याच्या आठ दिवस आधीचा बुधवार ३० एप्रिलला. आईच्या एका वाक्यातली आठवण आणि मुलाचे गणित यांची गाठ पडली तेव्हा कोठे ती तारीख जगाला मिळाली. या आईला त्यांनी पुढे आपल्याजवळ आणले, आणि आयुष्याची शेवटची सुमारे बावीस वर्षे त्या मुलाच्याच घरी राहिल्या.

हे वाचले आणि मला माझी आई, म्हणजे तुझी आजी आठवली. माझ्या सर्व कागदांवर १ जून ही जन्मतारीख आहे हे तुला ठाऊक आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तारीख विचारली, तेव्हा आईने सांगितले होते, "शिंव्हस्थाच्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." गुरुजींना हे कोष्टकात बसवता येईना, म्हणून त्यांनी १ जून लिहून टाकले, आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचीही जन्मतारीख तीच झाली. त्यावर माझा राग नाही, पण एक सल मनात कायम राहिला. आईने जी खूण इतक्या नेमकेपणाने जपली होती, ती कोणी ऐकूनच घेतली नाही. नोकरीला लागल्यावर मी १९८० सालचे पंचांग मिळवले, त्या वर्षी अधिक महिना होता हे ध्यानात घेऊन पोळा शोधला, आणि माझा जन्म सप्टेंबरातला निघाला. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मी कवाची सांगते."

तुझ्या बाबतीत असे काही होण्याचा प्रश्न नव्हता. तू रुग्णालयात जन्मलीस, मिनिटासकट वेळ लिहिलेली आहे आणि महानगरपालिकेचा दाखला आहे. तरी आजीच्या वहीत, म्हणजे तिच्या डोक्यात, तुझी नोंद वेगळीच आहे. "आखाजीला आठवडा व्हता, बुधवार व्हता, अन् कांदा काढायचा चालला व्हता." मुक्ता, डोरोथेआंचे वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेवून पाहा. वार तोच, येणाऱ्या सणापासून मागे मोजण्याची रीत तीच, आणि दोन्हींमध्ये दोनशे एकतीस वर्षांचे अंतर. मला यात चमत्कार दिसत नाही. अक्षरओळख नसलेल्या बाईने काळ कसा धरून ठेवावा याची ही रीत माणसांना सगळीकडे सुचलेली आहे, एवढेच मला दिसते, आणि ते मला फार मोलाचे वाटते. या वर्षी आखाजी लवकर आली, त्यामुळे आजीच्या हिशेबाने तुझा वाढदिवस होऊनही गेला. तिने त्या दिवशी देवापुढे गूळखोबरे ठेवले होते. फोनवर ती थोडी तुटक बोलली, त्याचे कारण हे होते.

आता शॅनन यांच्याविषयी. तू ज्या शाखेत शिकते आहेस तिचा पाया त्यांनी घातला, तेव्हा त्यांचे काम तुला माझ्याहून अधिक कळेल. १९४८ साली त्यांनी दाखवून दिले की शब्द असो, गाणे असो की चित्र, कोणताही संदेश शून्य आणि एक यांत मोजता येतो, आणि वाटेत कितीही खरखर असली तरी योग्य रीतीने बांधलेला संदेश जवळजवळ निर्दोष पोहोचवता येतो. मला मात्र त्यांच्या बालपणातली एक गोष्ट अधिक जवळची आहे. मिशिगन प्रांतातल्या गेलॉर्ड या लहान गावात ते वाढले, आणि तेथे त्यांनी शेताच्या काटेरी कुंपणाच्या तारेतून सुमारे अर्ध्या मैलावरच्या मित्राच्या घरापर्यंत तारायंत्र जोडले. मी आयुष्यभर काटेरी तार पाहिली ती भांडणाच्या जागी, सख्ख्या भावांच्या मध्ये. त्याच तारेवरून एक मुलगा मित्राशी बोलत होता हे वाचून मला खरोखर भरून आले. आणि पुढचे पाहा. १८३३ साली गाउस यांनी आपले सहकारी वेबर यांच्यासह गटिंगेन गावात घरांच्या छपरांवरून तारा ओढून वेधशाळा आणि प्रयोगशाळा यांच्यात संदेश पाठवले होते. तारखेने जोडलेल्या या दोघांना जोडणारी खरी गोष्ट ही तार आहे. अखेरच्या वर्षांत अल्झायमरने शॅनन यांची स्मृती गेली. माहितीचे माप सांगणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते यावे, हे मला अजून सहन होत नाही.

तुकडोजी महाराजांविषयी तुला मी काय सांगावे? यावलीच्या माणिक इंगळे नावाच्या मुलाचे शाळेतले शिक्षण अगदी थोडे झाले, पण हातात खंजिरी घेऊन तो गावोगाव गायला, १९४२ च्या लढ्यात तुरुंगात गेला, आणि त्याने ग्रामगीतेत ग्रामसफाईपासून सामुदायिक प्रार्थनेपर्यंत सगळे गावाला कळेल अशा ओवीत सांगितले. शॅनन यांच्या शब्दांत सांगायचे तर संदेश निर्दोष पोहोचवण्याची त्यांची रीत खंजिरीची होती. ग्रामगीता घरात आहे, आलीस की वाच.

फाळक्यांकडे मात्र मी सावकाश येतो आहे, कारण ते आपले आहेत. १८७० साली त्र्यंबकला, शास्त्र्यांच्या घरात धुंडिराजांचा जन्म झाला. पांडवलेण्याच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकात तू लहानपणी कितीदा खेळलीस, पण तेव्हा तुला त्यांचे काम सांगण्याचे माझ्या ध्यानात आले नाही. चित्रपट काढायचा म्हटल्यावर पैसे कोणी देईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, त्यापुढे कॅमेरा पक्का बसवला, आणि रोज थोडे थोडे चित्रण करत अंकुराचा वेल होताना पडद्यावर दाखवला. धीर नसलेल्या माणसाचे हे काम नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, घरातले दागिने गेले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा त्यांना त्रेचाळीस वर्षे पूर्ण होऊन तीनच दिवस झाले होते. तारामतीचे काम करायला बाई मिळाली नव्हती, ते अण्णा साळुंके यांनी केले. पण ज्या बाईवाचून तो चित्रपट झालाच नसता, त्या सरस्वतीबाई फाळके पडद्यामागे होत्या. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून रात्री फिल्मच्या कडेला भोके पाडणे, ती रसायनात धुणे ही कामे त्या करत होत्या. फाळके त्याच वर्षी बिऱ्हाड घेऊन नाशिकला आले, आणि पुढे 'कालियामर्दन' मध्ये त्यांनी आपल्या मंदाकिनी या लहान मुलीला कृष्ण केले. शेवटची वर्षे त्यांनी हलाखीत काढली ती याच गावात, आणि ते वारलेही येथेच. तू पुण्यात आहेस, तेथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेले भाग जपलेले आहेत. ती मुलगी पाण्यात उतरून नागाशी झुंजते ते एकदा पाहा. शॅनन यांच्यामुळे ते तुला मोबाइलवरही दिसेल, पण आधी मोठ्या पडद्यावर दिसले तर बरे.

डोरोथेआ आणि सरस्वतीबाई यांचे वाढदिवस कोणत्याच यादीत मला आढळले नाहीत. तू मैत्रिणींबरोबर याद्या पाहत होतीस, तेव्हा ही गोष्ट तुझ्या कानावर घालावी असे मनात आले.

गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने ये. शुक्रवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे, सकाळी आपण तिघे त्र्यंबकला जाऊ. आजीने तुझे औक्षण तारखेप्रमाणे पुन्हा करायचे कबूल केले आहे. येण्याआधी एक काम मात्र कर. आजीची स्वतःची जन्मतारीख आजवर कोणी काढलेली नाही, आधार कार्डावर तिचीही १ जूनच आहे. तिच्या आईने तिला सांगितले होते ते असे: "गांधीबाबा गेले त्या साली, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, झोका बांधायचा चालला व्हता तवा." साल तुला ठाऊकच आहे. जुने पंचांग ग्रंथालयात मिळेल, किंवा तुझ्या गणिताने काढ, आणि उत्तर कागदावर लिहून आण. ते तिला तू वाचून दाखव.

तुझा,
बाबा