जानेवारीत सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने जूनपर्यंत जायचे कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळाप्रवेशाच्या वयाची चर्चा दरवर्षी होते, पण ती नर्सरीच्या रांगांपलीकडे जात नाही. अंगणवाडीतल्या मुलांचा विचार त्यात क्वचितच येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी अनेक वर्षे पहिलीला शिकवले, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

राज्यात पहिलीसाठी प्रवेशाच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. पूर्वी ही तारीख ३० सप्टेंबर होती, २०२० मध्ये ती पुढे नेली. आता एकाच गल्लीतली दोन मुले पाहा. एकाचा जन्म २५ डिसेंबर २०१९चा, दुसऱ्याचा २० जानेवारी २०२०चा. पहिला जून २०२५ मध्ये जेमतेम साडेपाचाव्या वर्षी पहिलीत बसला. अशा मुलांची बोटे पेन्सिलीवर ठरत नाहीत, अर्धी ओळ गिरवून झाली की पाटी बाजूला सरकते. त्यांना 'कच्ची' म्हणणे हा अन्याय आहे.

दुसऱ्या मुलाची अडचण मात्र कागदावर दिसतच नाही. अंगणवाडीतले शिक्षण ३ ते ६ वयोगटासाठी. त्याची सहा वर्षे जानेवारी २०२६ मध्ये भरली, म्हणजे नियमाने अंगणवाडी संपली आणि शाळा उघडणार जूनमध्ये. अन्नसुरक्षा कायद्याने (२०१३) सहा वर्षांपर्यंतचा आहार अंगणवाडीकडे दिला, त्यापुढचा शाळेकडे. हे मूल त्या पाच महिन्यांत दोन्हीकडचे नाही. मायाळू सेविका त्याला बसू देते, मदतनीस दोन घास वाढते. पण मुलाचा हक्क कोणाच्या मायेवर का अवलंबून असावा?

पहिलीत प्रवेश घेतानाच सहा वर्षे पूर्ण हवीत, असे केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना पुन्हा कळवले. त्याला माझा पाठिंबाच आहे. पण तारीख अलीकडे आणायची तर अंगणवाडीची वरची मर्यादा आधी बदलायला हवी. नाहीतर उद्या ३० सप्टेंबर परत आला की ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलेही याच फटीत पडतील, आणि त्यांतली काही तर आठ-आठ महिने. मूल पहिलीत दाखल होईपर्यंत त्याचे नाव, आहार आणि शिकणे अंगणवाडीतच राहील, एवढे एक वाक्य नियमात पुरेसे आहे.

अंगणवाडीतल्या प्रवेशाचेही तेच. तीन वर्षे ज्या दिवशी पूर्ण होतील त्या दिवशी मूल बसू शकले पाहिजे. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, ही शिक्षण हक्क कायद्यातली तरतूद आहे. तेवढेच स्पष्ट संरक्षण अंगणवाडीच्या दारातही हवे. ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर जातात. गावातल्या पटावरचे नाव तिथे कामी येत नसेल तर हंगामभर ती पालांतच राहतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर मुले येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली होती. त्याच महाराष्ट्रात कागदासाठी मूल परत जावे, हे मनाला लागते.

अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे, पहिली शालेय शिक्षण विभागाकडे. दोघांनी मिळून एकच आदेश काढावा आणि तो पुढच्या जानेवारीच्या आत सेविकांच्या हाती पडावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका