नवा कॉम्प्युटर घ्या, हे सांगणे सोपे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चे अपडेट बंद झाल्यावरचा तुमचा कालचा लेख केंद्रात बसूनच वाचला. सगळ्या लेखाचा सल्ला एकच, नवा कॉम्प्युटर घ्या. यावल तालुक्यात सेवा केंद्र चालवणाऱ्याने तो कशातून घ्यायचा?

माझा डेस्कटॉप २०१७ चा, सहाव्या पिढीच्या प्रोसेसरचा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जळगावच्या एका दुकानदाराने डेस्कटॉपच भंगारात काढायला सांगून चाळीस हजारांचे कोटेशन हातात ठेवले. मी दोन हजारांची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसवली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाकले. ते फुकट आहे, आणि त्याच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. केळी विम्याच्या शेवटच्या दोन दिवसांत दारात रांग होती, लाइट दिवसातून चारदा जात होती. मशीन एकदाही अडले नाही.

अडले ते अंगठ्यापाशी. नोव्हेंबरात एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या माझ्याकडच्या थम्ब मशीनच्या कंपनीने ड्रायव्हर, म्हणजे ते मशीन कॉम्प्युटरला जोडून चालवणारे सॉफ्टवेअर, फक्त विंडोजसाठी दिला आहे. फोन केला तर उत्तर मिळाले, 'विंडोज टाका.' आजींना तीन खेपा पडल्या. शेवटी मुलाच्या मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघाला. सत्तरी ओलांडलेल्या बाईला एका ड्रायव्हरपायी उन्हात बसवले, याची मला आजही लाज वाटते.

लिनक्स स्वस्त आहे आणि टिकाऊही आहे. पण सरकारी कामाची यंत्रे त्यावर चालत नसतील, तर गरिबाला त्याचा उपयोग काय? केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर शिकवत आहेत. सी-डॅक या आपल्या सरकारी संगणक संस्थेनेही 'बॉस' नावाचे लिनक्स भारतीय भाषांसाठी केले आहे. मग विंडोज आणि लिनक्स दोन्हीसाठीचा ड्रायव्हर असल्याशिवाय थम्ब मशीनला मान्यताच द्यायची नाही, एवढा नियम सरकारने करावा. हे तुमच्या लेखात यायला हवे होते.

आणखी एक. रावेरचे केळीचे भाव तुम्ही एक दिवस शिळे छापता. माल कापायचा की थांबायचा, हे शेतकरी त्यावर ठरवतो. तेवढे कृपया सुधारा.

आपला,
एक सेवा केंद्रचालक, ता. यावल