सूचना : आबांचं रक्षाविसर्जन उद्या सकाळी ७ वाजता, मळ्यातल्या विहिरीजवळ

भावकीतल्या सर्वांना,

नव्वदीतही खुरपं न सोडलेल्या आबांची रक्षा नदीत सोडायची नाही. त्यांच्याच मळ्यात जांभूळ लावायचं आहे.

खड्डा आजच काढून ठेवा, २ फूट लांब, रुंद, खोल. वरच्या मातीत २ पाट्या कुजलेलं शेणखत मिसळा, ताजं नको. रक्षा थेट मुळाशी ओतू नका! ती खारट असते, कोवळी मुळं जळतात. ३-४ ओंजळीच भरपूर मातीत कालवून कडेनं टाका. उरलेली बांधावरच्या जुन्या आंब्यांखाली पातळ पसरायची.

- पिशवी फाडताना मुळाचा गोळा फुटू देऊ नये.
- हार आणू नयेत. कुंपणाला बोराटी आणावी, शेळ्या शेंडा खातात.
- पाण्याची पाळी तिथंच ठरवू.