फोटोला हार

ठाणे, गुरुवार रात्र

प्रिय बंड्या,

दोन वर्षांत फोन नाही, पत्र नाही, आणि तुझ्या दिवाळीच्या मेसेजला मी नुसता अंगठा पाठवला. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. शुगर निघाली आहे, गोळी घेतो, संपला विषय.

तर मी वारलो. वहिनींनी सांगितलं असेलच. गेल्या महिन्यात घोडबंदरला मालिकेच्या सेटवर पोचलो, मेकअप झाला, आणि फोटोवाला विचारतो, "दादा, चष्म्यासकट काढू की बिनचष्म्याचा?" म्हटलं, कशाला? तो गप्प. शेजारी आर्टमधला पोरगा फ्रेमचं माप घेऊन उभा. लेखकाच्या आधी सुताराला माहीत होतं! दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. आकडा पडला की घरात कुणीतरी पायऱ्यांवरून घसरतं, नाहीतर कथा सात वर्षं पुढे उडी मारते. या खेपेला माझा हार्ट अटॅक निघाला. अंत्यदर्शनाच्या सीनला दिवसभर चादरीखाली पडून होतो. दोनदा घोरलो म्हणून रीटेक झाले.

आईला वाईट वाटेल म्हणून तो एपिसोड मी लावणारच नव्हतो. तिनेच लावला. नीट पाहिला आणि म्हणाली, "हार प्लॅस्टिकचा आहे रे. एवढा पैसा मिळवतात, झेंडूचा घालायला काय झालं?"

गंमत म्हणजे फोटो अजून रोज कामावर आहे. बायको त्याच्यापुढे उभी राहून रडते, सून शपथ घेते. मला मात्र दिवसाच्या कामाचा पर डे मिळायचा, तो बंद. केलेल्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी येणार, दहा टक्के टीडीएस कापून. म्हणजे मालिकेत माझं तेरावं होऊन, नातवाचं बारसं होऊन मग चेक. हप्ता मात्र पाच तारखेलाच जातो. पण हे रडगाणं तुला नवीन नाही, आणि यासाठी मी लिहीत नाहीये.

मला नाटक मिळालंय. हस, हस. नौपाड्यात एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम असते. दिग्दर्शक अठ्ठावीसचा, मला 'सर' म्हणतो. पहिल्या अंकात मुलीशी भांडण, सलग सात मिनिटं. मी पहिलं वाक्य टाकलं, मान तिरकी केली, डोळे रोखले आणि थांबलो. समोरची मुलगीही थांबली. सगळा हॉल थांबला. मग तो पोरगा हळूच म्हणाला, "सर, पुढचं वाक्य तुमचंच आहे."

बंड्या, मी कॅमेऱ्याच्या क्लोजची, म्हणजे क्लोजअपची, वाट बघत होतो रे. ढॅण ढॅण ढॅणची.

सगळे हसले, मीही हसलो, चहा झाला. पण घरी चालत येताना तलावपाळीवर पाय लटपटले. अरे, बारा वर्षं मी रोज सात-आठ सीन करतोय, तेही चार वेगवेगळ्या एपिसोडचे. सीन मोबाईलवर येतो दहा मिनिटं आधी. वाचायचा, बोलायचा आणि लगेच पुसून टाकायचा, कारण पुढचा आलेला असतो. पुसता आलं नाही तर तिथे माणूस टिकतच नाही. माझा क्लोज लागतो तेव्हा समोरची नटी मेकअप रूममध्ये जेवत असते. तिची वाक्यं असिस्टंट वाचतो, वाण्याची यादी वाचावी तशी, आणि मी स्टँडवरच्या चिकटपट्टीकडे बघून डोळ्यांत पाणी आणतो. येतंही. चिकटपट्टीकडे बघून मी फार सुंदर रडतो! आता समोर खरी मुलगी उभी आहे, माझ्या डोळ्यांत बघतेय, तर मला कुठे बघावं कळत नाही. आणि तीन पानं सलग डोक्यात राहत नाहीत. रात्री पाठ, सकाळी साफ.

ज्याला सगळे 'छान काम करता हो' म्हणतात त्याने हे कुणाला सांगायचं? बायकोला सांगितलं तर म्हणाली, बदाम खा.

म्हणून तू. गडकरी रंगायतनमधली ती नाट्यस्पर्धेची फायनल आठव. मी मधेच कोरा पडलो, विंगेत तू वही घेऊन उभा, आणि तू मुद्दाम वाक्य दिलं नाहीस असं मी १९९९पासून गावभर सांगत आलोय. आदल्या रात्रीच्या भांडणाचा सूड म्हणून. वर्षभर बोललो नव्हतो आपण. परवा तालमीत पुन्हा कोरा पडलो. ती मुलगी दोनदा वाक्य पुटपुटली म्हणे. मला ऐकूच आलं नाही. म्हणजे तेव्हाही तू दिलं असशील. दिलं होतंस ना? की खरंच नव्हतं दिलं? खरं सांग, आता काही वाटणार नाही. (थोडं वाटेल.)

आणि २०२१चंही राहिलंच. निर्बंध लागल्यावर युनिट गोव्याला गेलं, मी रिसॉर्टवर भांडणाचे सीन करत होतो आणि कळव्याहून तू आईची औषधं पोचवत होतास. त्यावर फोनवर जे बोललास ते बरोबर होतं. मी मात्र 'तू बँकेत चिकटलास, तुला काय कळणार' असं काहीतरी बरळलो होतो.

चिनूची दहावी झाली का? नाशिकची बदली मानवली? वहिनींना नमस्कार.

काम असं आहे. पुढच्या शनिवारी ये. रविवारी चारला तालीम आहे. माझ्या घरी बाल्कनीत बसू, तू नुसती वही धर आणि समोरची वाक्यं दे. सपाट वाचू नकोस, आणि अडलो तरी लगेच सांगू नकोस. दहा आकडे मोजून मग सांग. मोठ्याने. आईने झेंडूचा हार आणून ठेवलाय, कशाला ते विचारलं नाही. सकाळी मामलेदारची मिसळ माझ्याकडून, तिखट तुला झेपत असेल अजून तर.

तुझा,
पम्या

ता. क. – फोटोत चष्मा ठेवला. तुझ्याकडे माझा तसा एकही फोटो नाही ना, म्हणून सोबत एक पाठवतोय. हार घालू नकोस.