पहिल्या पराभवानंतर मुलांना घरी पाठवू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आपल्या क्रीडा पानावर जिल्ह्याचे निकाल येऊ लागतात. कुठल्या शाळेने कुणाला हरवलं, विजेत्या संघात कोण होतं, एवढं चार ओळींत छापून येतं. त्या चार ओळींत ज्यांचं नाव कधीच येत नाही, त्या मुलांसाठी हे पत्र लिहितो आहे.

मी कराडमध्ये संध्याकाळी मुलांना बास्केटबॉल शिकवतो. दोन वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालील मुलांचा संघ घेऊन एका स्पर्धेला गेलो होतो. पहाटे साडेपाचला ट्रॅक्स निघाली. सव्वानऊला आमचा सामना लागला आणि दहा वाजायच्या आत आम्ही सात गुणांनी हरलो होतो. बाद पद्धत, त्यामुळे विषय संपला. साडेदहाला मुलं मैदानाकडेच्या लिंबाखाली दुपारचे डबे उघडून बसली. त्यातल्या एकाला शेवटची दोन मिनिटं खेळायला मिळाली होती. चेंडू त्याच्या हातात एकदाच आला, त्याने पास दिला, तेवढंच. त्याने मला विचारलं, "सर, आता परत मॅच कधी?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." म्हणालो खरा, पण पुढच्या वर्षी तो त्या गटात बसणार नव्हता, हे मला माहीत होतं. तीन महिने रोज सहा वाजता मैदानावर येणाऱ्या मुलाची स्पर्धा दोन मिनिटांत झाली.

आता जगाची रीत पाहा. 2025 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला एकोणीस वर्षांखालील मुलांचा बास्केटबॉल विश्वचषक झाला. अमेरिकेने अंतिम सामन्यात जर्मनीला 109-76 असं हरवलं. पण मला विजेत्यापेक्षा स्पर्धेची आखणी जास्त महत्त्वाची वाटते. सोळा देश, चारचे चार गट. प्रत्येक संघाचे गटात तीन सामने. आणि त्यानंतर कुणीही घरी जात नाही! गटात शेवटचा आलेला संघही पुढच्या फेरीत खेळतो. तिथे हरलेल्या आठ संघांचे आपापसात सामने होतात आणि नवव्यापासून सोळाव्यापर्यंतचा प्रत्येक क्रमांक मैदानावर ठरतो. विजेता सात सामने खेळतो आणि सोळावा आलेला संघही सातच खेळतो. एकूण 56 सामने. तेच सोळा संघ आपल्या पद्धतीने बाद फेरीत उतरवले तर 15 सामन्यांत सगळं आटोपतं आणि आठ संघ एकेक सामना खेळून गाडीत बसतात.

जागतिक संघटनेने हे पंधराव्या क्रमांकाच्या कौतुकापोटी केलेलं नाही. सतरा-अठराव्या वर्षी कोण पुढे मोठा खेळाडू होईल हे कुणालाच सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांना खेळवायचं. 1999 मध्ये लिस्बनला याच स्पर्धेत स्पेनने अमेरिकेला हरवलं. त्या स्पॅनिश संघात पाऊ गासोल होता, पण संघाचा आधार तो नव्हता. बहुतेक वेळ बाकावरच असायचा. सात वर्षांनी, 2006 मध्ये, जपानमध्ये स्पेनचा वरिष्ठ संघ जगज्जेता झाला तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच गासोल होता. त्या संघात नवारो, रेयेस असे लिस्बनचे आणखीही सोबती होते. बाकावरच्या पोराला सांभाळून ठेवलं, खेळवत राहिलं, त्याचं हे फळ.

लोझानला आशियातून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चीन आणि जॉर्डन गेले होते. बास्केटबॉलमध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड आता आशियाबरोबरच खेळतात, त्यामुळे चार जागांची वाट आपल्यासाठी आणखी अरुंद झाली आहे, हे मान्य. पण न्यूझीलंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास, आणि त्यांची मुलं शेवटच्या चारांत पोहोचली. आपल्याकडे उंच मुलं नाहीत, ही सबब मला पटत नाही. मुंबईतल्या नागपाड्याच्या गल्लीतल्या मैदानांवर रोज संध्याकाळी खेळून अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले, अर्जुन पुरस्कारापर्यंत पोहोचले. रोज खेळायला मिळणं, तेही अनोळखी संघाविरुद्ध, याला दुसरा उपाय नाही.

यावर आयोजकांचं उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे: वेळ नाही, पंच नाहीत, पैसे नाहीत. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आठ संघांची बाद स्पर्धा सात सामन्यांची. हरलेल्यांना आपापसात खेळवून पहिल्यापासून आठव्यापर्यंत क्रमांक लावले तर सामने होतात बारा, आणि प्रत्येक संघाला तीन सामने मिळतात. दोन कोर्ट असतील आणि सामन्याला पाऊण तास धरला तर साडेचार तासांत बारा सामने होतात. म्हणजे सकाळी आठला सुरुवात केली तर दुपारी एकच्या आत बक्षीस समारंभ. एकच कोर्ट असेल तर खालच्या क्रमांकांच्या सामन्यांची क्वार्टर सहा मिनिटांची करावी, कुणाची हरकत नसेल. गुणलेखक आणि घड्याळाला कॉलेजची मुलं बसतील. आमच्याकडची दहा-बारा तयारच आहेत. खर्चाचं म्हणाल, तर गाडीभाडं संघांनी आधीच भरलेलं असतं. एका सामन्यासाठी भरलं काय आणि तीन सामन्यांसाठी भरलं काय!

मुलींच्या बाबतीत तर हे आणखी गरजेचं आहे. संघ कमी येतात, कधी चारच. दोन उपांत्य सामने, एक अंतिम सामना, की स्पर्धा संपली. चार संघांची साखळी लावली, म्हणजे प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी खेळला, तर फक्त सहा सामने होतात, आणि प्रत्येक मुलगी तीनदा मैदानावर उतरते. घरच्यांची परवानगी मिळवून, शिकवणी बुडवून आलेल्या मुलीला एवढं तरी मिळायला हवं.

माझी आयोजकांना विनंती आहे की यंदाचे ड्रॉ काढण्याआधी याचा विचार करावा. आठ आणि सोळा संघांची वेळापत्रकं मी कोर्ट आणि वेळेसकट लिहून ठेवली आहेत, मागेल त्याला देईन. आणि आपल्याला विनंती ही, की निकाल छापताना सातव्या-आठव्या क्रमांकाच्या सामन्यालाही एक ओळ द्यावी.

आपला,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, कराड