काठी फिरते ती कोणामुळे?

प्रिय सतीश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. जमिनीखालचं पाणी काठीने शोधणाऱ्या पाणाड्याची बेचकी, म्हणजे दोन फाट्यांची फांदी, तू स्वतः हातात धरलीस, चालता चालता ती मुठीतच पिळत खाली वळली आणि जोर लावूनही तुला ती थोपवता आली नाही, हे वाचलं. तू सांगतोस तसंच झालं असणार, आणि तो पाणाड्याही लबाड नसावा. पाण्यातून अशी कोणती लहर किंवा ओढ निघते, असं तू विचारतोस. माझ्या मते त्याच्याही आधीचा प्रश्न सोडवायला हवा: पाणी कुठे आहे याचा काहीच सुगावा नसताना काठी पाण्यावरच वळते का?

आधी काठीच बघू. बेचकीचे दोन्ही फाटे तळहात वर करून धरायचे आणि बाहेरच्या बाजूला ताणायचे, ही पकडच मोठी नाजूक आहे. वाकवलेल्या फांदीत ताण साठतो आणि तिचा शेंडा कसाबसा तोललेला असतो. मनगटं अगदी किंचित वळली तरी तो तोल जातो आणि साठलेला सगळा ताण झटक्यात सुटतो. हाताची हालचाल एवढीशी आणि काठीची उसळी एवढी मोठी, म्हणून जोर काठीनेच लावला असं वाटतं. काही पाणाडे दोन्ही हातांत काटकोनात वाकवलेल्या तारा धरतात, त्यांचंही तसंच. मुठी जराशा कलल्या की तारा उताराकडे सरकतात आणि एकमेकींना छेदतात.

मनगट न कळत का वळतं, याचा माग फार पूर्वीच लागला आहे. मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लोलक, म्हणजे दोऱ्याला टांगलेलं वजन, हातात धरून पाहिला. खाली पाऱ्याचं भांडं असलं की लोलक झुलायचा, मध्ये काच सरकवली की मंदावायचा. मग त्याने डोळे बांधून घेतले, आणि काच कधी आत सरकते, कधी बाहेर जाते ते त्याला कळेनासं झालं. काचेचा परिणामही तिथेच संपला. 1833 मध्ये अँपिअर या भौतिकशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने हे सगळं मांडलं. पुढे 1852 मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने अशा हालचालींना ‘आयडिओमोटर’ म्हटलं: मनात अपेक्षा आली की स्नायू हलतात, आणि आपण हललो हे आपल्याला जाणवत नाही. माणूस खोटं वागत नाही आणि तरीही काठी तोच फिरवतो. मला हा भाग पाण्याच्या लहरींपेक्षा कितीतरी विलक्षण वाटतो.

तू म्हणतोस त्या ओढीचा शोध घेणारेही होऊन गेले. इव रोकार या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात मांडलं की माणसाच्या शरीराला चुंबकीय क्षेत्रातले बारीक फरक जाणवतात. खडकाच्या फटींतून पाणी झिरपताना मिलिव्होल्टमध्ये मोजता येईल इतका विद्युतदाब तयार होतो, हेही खरं. पण तो मोजायला जमिनीत इलेक्ट्रोड, म्हणजे वीजवाहक कांड्या, रोवाव्या लागतात, आणि तो नेमका पाण्यामुळेच आहे हे ठरवायला बरीच आकडेमोड लागते. शिवाय आधी काठीला पाणी कळतं हे तर दिसायला हवं!

ते पाहायचे प्रयत्न मोठ्या निगुतीने झाले आहेत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस म्युनिकजवळच्या एका कोठारात तळमजल्यावर पाण्याचा पाइप 10 मीटरच्या रेषेवर मागेपुढे सरकवत आणि वरच्या मजल्यावर पाणाडे त्याची जागा सांगत. सुमारे 500 जणांतून 43 निवडले होते. प्रयोग करणाऱ्यांना त्यांतल्या काहींत खरी शक्ती दिसली. जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा एका फेरीत चमकलेला माणूस दुसऱ्या फेरीत चमकत नव्हता. 1990 मध्ये जर्मनीतच कासेलला 30 पाणाड्यांची परीक्षा झाली. पाइप 50 सेंटीमीटर खोल पुरलेला, त्यातलं पाणी वाहतंय की बंद आहे एवढंच सांगायचं. चाचणी रास्त आहे, असं त्यांनी आधी मान्य केलं होतं. उत्तरं नाणेफेकीसारखी आली.

मग पाणाड्याच्या सांगण्यावरून खोदलेल्या विहिरींना पाणी कसं लागतं? जमिनीखाली पाणी बहुतेक ठिकाणी नदीसारखं वाहत नसतं. चुनखडीतल्या गुहा सोडल्या, तर ते वाळूच्या कणांमध्ये आणि खडकाच्या भेगांत पसरून साचलेलं असतं. गाळाच्या सपाट प्रदेशात पुरेसं खोल गेलं की कुठेही पाणी लागतं, मग काठी दहा पावलं इकडे वळो की तिकडे. कठीण खडकात मात्र भेग चुकली की बोअर कोरडी जाते. तिथे मुरलेला पाणाड्या उतार, हिरवळ, आसपासच्या विहिरींची पातळी हे सगळं पाहत असतो. ते ज्ञान खरं आहे आणि मला त्याचा आदर आहे. माझी तक्रार एवढीच, की श्रेय काठीला मिळतं.

मी इतकं पोटतिडकीने लिहितोय याचं आणखी एक कारण आहे. मुठीवर मोकळी फिरणारी अँटेना बसवलेलं एक यंत्र बॉम्ब शोधतं म्हणून इराकमध्ये विकलं गेलं आणि तपासणी नाक्यांवर वापरलंही गेलं. आत काहीच नव्हतं. ते विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला 2013 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. नाक्यावरच्या शिपायाच्या हातातही अँटेना खरोखरच वळत होती.

तेव्हा बोअर मारण्याआधी दोन गोष्टी कर. पाणाड्याने दाखवलेल्या जागा मोजपट्टीने मोजून लिहून ठेव, जमिनीवर खूण ठेवू नकोस. मग त्याची हरकत नसेल तर डोळे बांधून त्याला वेगळ्या दिशेने त्याच जमिनीवरून ने आणि काठी कुठे वळते ते पाहा. त्याचा हात धरणाऱ्याला मात्र आधीच्या जागा माहीत असता कामा नयेत, नाहीतर त्याच्या पावलांतून त्या पाणाड्याला कळतील. आणि विद्युतरोध मोजणारं सर्वेक्षण करून घे. त्यात चार इलेक्ट्रोड रोवतात, दोनांतून वीज सोडतात आणि उरलेल्या दोनांत विद्युतदाब मोजतात. त्यातूनही पाण्याची हमी मिळत नाही, ओली माती आणि पाण्याने भरलेला खडक यांत गफलत होऊ शकते, पण अंदाज का चुकला ते तरी तपासता येतं.

चाचणीचा दिवस ठरला की कळव. हात धरायला जागा ठाऊक नसलेला माणूस लागेलच, मी येतो. तोवर त्या जागांचे आकडे मला कळवू नकोस.

तुझा,
अविनाश