सायकलच्या परीक्षकाचं वजनही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एका माउंटन बाइकच्या चाचणीवर पानभर लेख छापलात. सायकलला वर्तमानपत्रात अख्खं पान मिळालं याचा आनंद झाला, तो आधी नोंदवते. मग तक्रारीकडे वळते, कारण पत्र त्यासाठीच लिहायला घेतलंय.

लेखक म्हणतात, पुढचं सस्पेन्शन इतकं कडक की खडबडीत वाटेवर हात बधिर झाले. ब्रेक 'मऊ' लागतात. वळणावर पुढचं चाक निसटतं. गिअर तर फक्त बारा, जुन्या गाड्यांना चोवीस असायचे. निकाल, पाचपैकी अडीच तारे. लेख मी दोनदा वाचला. लेखकाचं वजन किती, फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या, धक्के झेलणाऱ्या दुबेळक्यात) हवा किती होती, टायरमध्ये किती, सायकल किती किलोमीटर चालवली आणि कसल्या जमिनीवर, याबद्दल एक अक्षर नाही. सायकलचं वजन मात्र दशांशासकट दिलंय.

मी शाळेत गणित शिकवते आणि अकरा वर्षं माउंटन बाइक चालवते. मुलांनी रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं, तर उत्तर बरोबर असलं तरी मी पूर्ण गुण देत नाही. इथे तर उत्तरच चुकलेलं असण्याची दाट शक्यता आहे. असं ठामपणे म्हणते, कारण हीच चूक मी स्वतः करून बसलेय.

माझं वजन 54 किलो. पाठीवरचं पाणी, हेल्मेट, बूट धरून 58. काही वर्षांपूर्वी अशीच एक सायकल घ्यायला एका दुकानात गेले. चाचणीसाठी ठेवलेली गाडी आधी कोणीतरी चांगलाच दणकट माणूस चालवून गेला असणार. मला फरशी घातलेल्या आवारात पाच चकरा मारू दिल्या, मग हट्ट केला म्हणून बाहेरच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यावर दहा मिनिटं. प्रत्येक दगड मनगटापर्यंत पोचत होता. ब्रेकचे लिव्हर इतके लांब की पकडायला हँडलवरची मूठ सोडून बोटं ताणावी लागत. 'ही गाडी आपल्यासाठी नाही' म्हणून परत दिली आणि घरी येऊन चार जणांना तसं सांगितलंसुद्धा. ते जास्त वाईट झालं, कारण त्यातल्या दोघांनी माझ्या भरवशावर ती गाडी घेतली नाही.

सहा महिन्यांनी एका मैत्रिणीने नेमकी तीच सायकल घेतली. तिच्या गाडीवर बसून दोनशे मीटर गेले, पुन्हा तोच दगडी अनुभव. ती म्हणाली, "अगं थांब, त्यात माझ्या वजनाची हवा आहे." आणि पिशवीतून शॉक पंप काढला.

पुढे काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या लेखात नेमका हाच भाग नाही. हवेच्या फोर्कमध्ये लोखंडी स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा असते. आपण नुसतं बसलो तरी फोर्क थोडा दबला पाहिजे. या दबण्याला सॅग म्हणतात. ट्रेलच्या (डोंगरवाटेच्या) गाडीत तो साधारणपणे पुढे फोर्कच्या एकूण चालीच्या, म्हणजे तो जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्या अंतराच्या, 15 ते 20 टक्के आणि मागच्या शॉकला 25 ते 30 टक्के ठेवतात. एवढं दबलेलं कशाला हवं, तर चाक जसं दगडावर वर जातं तसं खड्ड्यात खालीही जावं लागतं. आधीच थोडं दबलेलं असेल तरच त्याला खाली जायला जागा उरते. नाहीतर चाक जमीन सोडतं. वळणावर पुढचं चाक निसटतं ते बरेचदा त्यामुळेच.

फोर्कच्या चकचकीत नळीवर एक काळी रबरी रिंग असते. ती खाली सरकवली, भिंतीला कोपर टेकून हळूच सायकलवर बसले, हळूच उतरले. रिंग वर सरकली होती 9 मिलीमीटर. फोर्कची चाल 140. म्हणजे साडेसहा टक्केसुद्धा नाही! मैत्रीण थोडी थोडी हवा सोडत गेली, मी बसत-उतरत राहिले. पंपाच्या काट्यावर नव्वदीतला आकडा साठीवर आला तेव्हा रिंग 27 मिलीमीटरवर थांबली. मग फोर्कच्या तळाचं लाल बटण दोन-तीन टिकटिक मागे फिरवलं. हवा कमी झाली की फोर्क परत वर यायचा जोरही कमी होतो, म्हणून त्याला अडवणारं रिबाउंडचं दमन या बटणाने सैल करावं लागतं. टायर माझ्या बोटाला दगडासारखे लागत होते, तेही उतरवले. ट्यूबलेस होते, आत दबून फाटायला ट्यूबच नाही, त्यामुळे पुढे 18 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मागे 20 वर निर्धास्त आणता आले. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

आणि गाडी दुसरीच झाली हो. त्याच वाटेवर, त्याच दगडांवर. टायर दगडाला कवटाळून पुढे जात होता. कडक टायर जास्त पळतो असं आपल्याला वाटतं, सपाट डांबरावर ते खरंही आहे. पण ओबडधोबड जमिनीवर कडक टायर प्रत्येक खड्याला उडतो, आणि त्या उडण्यात आपलीच ताकद वाया जाते. उतरल्यावर मी मैत्रिणीला काही बोलले नाही. मनात त्या चार जणांचा हिशेब चालू होता.

आता ब्रेक. लिव्हर लांब असेल तर तो मुठीजवळ आणायचा एक छोटा स्क्रू हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकला बहुतेक वेळा असतोच. षट्कोनी किल्लीने दोन फेरे दिले की काम झालं. छोट्या हातांच्या लोकांना हे कोणी सांगत नाही, आणि मग 'बायकांना उतारावर भीती वाटते' असं ऐकावं लागतं. दोन बोटं ताणून लिव्हर शोधावा लागला तर कोणालाही वाटेल.

राहता राहिला ब्रेक 'मऊ' असण्याचा मुद्दा. कोऱ्या गाडीचे डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी कमी धरतातच. मध्यम वेगाने जाऊन, चाक लॉक न करता, चालण्याच्या वेगापर्यंत जोरात ब्रेक लावायचा आणि सोडायचा, असं वीसेक वेळा केल्यावर ब्रेक पॅडच्या द्रव्याचा पातळ थर रोटरवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या, पॅड जिला पकडतात त्या चकतीवर) बसतो. त्यानंतर तोच ब्रेक एका बोटात गाडी थांबवतो. आपल्या लेखकांनी हे केलं होतं का? केलं असेल तर त्यांचा शेरा मोलाचा आहे. नसेल तर त्यांनी ब्रेकची नव्हे, खोक्यातून काढलेल्या पॅडची चाचणी घेतली. (आणि कोणीतरी चेनवर फवारा मारताना तेलाचा एक तुषार रोटरवर उडाला असेल, तर वीस काय दोनशे वेळा थांबा, उपयोग नाही. मी एकदा पॅडची कोरी जोडी अशी घालवलीय.)

या खेळाचा जन्मच ब्रेक जळण्यातून झालाय म्हणा ना. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सजवळ 1976 साली काही मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन एका कच्च्या रस्त्यावर वेळ लावून उतरू लागली. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे चारशे मीटरचा उतार. ब्रेक मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आत, पेडल उलटं दाबून लावायचे. तळाशी येईपर्यंत हबमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्या भरण्यावरून शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. त्याच मंडळींतल्या जो ब्रीझ यांनी पुढच्या वर्षी खास या कामासाठी फ्रेम बांधली. तो उतार दहा मिनिटांत आटपून कोणी तारे वाटले नव्हते. तीच माणसं, तोच उतार, काय मोडलं ते पाहायचं, बदलायचं, पुन्हा उतरायचं.

गिअरबद्दल मात्र मला शिक्षिकेच्या भूमिकेत यावंच लागेल. जुन्या गाडीला पुढे 42, 32 आणि 22 दातांच्या तीन चकत्या, मागे 11 ते 34 दातांच्या आठ चकत्या, तीन गुणिले आठ चोवीस. पुढचे दात भागिले मागचे दात, आकडा जितका लहान तितका गिअर हलका. चढासाठी सगळ्यात हलका गिअर 22 भागिले 34, म्हणजे 0.65. आता लेखातली बारा गिअरची गाडी. पुढे एकच चकती 32 दातांची, मागे 10 ते 51. सगळ्यात हलका गिअर 32 भागिले 51, म्हणजे 0.63. चाक सारखं धरलं तर 'फक्त बारा' गिअरची गाडी चढावर किंचित हलकीच पडते! तोटा होतो तो दुसऱ्या टोकाला, 3.82 च्या जागी 3.2, म्हणजे सुसाट उतारावर पेडल मारत राहायची हौस असेल त्याला. आणि त्या चोवीसपैकी कितीतरी गिअर एकमेकांचीच नक्कल असतात. 42 भागिले 26 आणि 32 भागिले 20 करून पाहा, 1.62 आणि 1.6. बारात नक्कल एकही नाही, शिवाय डाव्या हाताचा गिअर लिव्हर जाऊन तिथे सीट खाली-वर करायचा लिव्हर बसतो. या ड्रॉपर सीटपोस्टचं लेखकांनी कौतुक केलंय ते मात्र शंभर टक्के पटलं. तीव्र उतारावर सीट पोटाच्या आड न येणं म्हणजे काय सुख आहे ते एकदा अनुभवल्यावर मागे फिरता येत नाही.

पण माझी खरी कुरकुर याहून पुढची आहे. पहिल्या दिवशी सगळ्या गाड्या गोड बोलतात. चौथ्या महिन्यात काय होतं ते कोण लिहिणार?

माझ्या आत्ताच्या गाडीत चौथ्या महिन्यात आवाज सुरू झाला. कट्. उजवा पाय खाली गेला की कट्. फक्त चढावर. एका मेकॅनिकने बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्या ज्यावर फिरतात ते फ्रेममधलं बेअरिंग) बदलून दिलं. दोन दिवस शांतता, मग कट्. पेडल काढून, आटे पुसून, ग्रीस लावून बसवली. कट्. क्रँकचे (पेडलच्या दांड्यांचे) बोल्ट, चेनरिंगचे (पुढच्या दातेरी चकतीचे) बोल्ट. कट्. तीन आठवडे ताकास तूर लागेना. शेवटी एका चढावर वैतागून सीटवरून उठून उभी राहिले आणि आवाज थांबला. बसले, कट्. उठले, शांत. बॉटम ब्रॅकेटचा यात काडीचाही संबंध नव्हता! सीटखालच्या दोन नळ्या जिथे पकडलेल्या असतात तिथे धुळीची बारीक पूड शिरली होती, आणि चढावर जोर लावताना माझं वजन उजवीकडे सरकलं की ती पकड हलत होती. क्लॅम्प उघडला, फडक्याने पुसला, ग्रीसचं बोट फिरवलं, त्यावर छापलेल्या न्यूटन मीटरच्या आकड्याइतका टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळला. आठ मिनिटांचं काम. कार्बनची फ्रेम आतून पोकळ असते, आवाज कुठेही जन्मला तरी वाटतो पायाखालीच. रोज सायकल चालवणाऱ्यांना विचारा, निम्मी चर्चा अशा आवाजांचीच असते.

तसंच चेनचं. वाचकांना सांगण्यासारखी गोष्ट, अगदी फुकटची. स्टीलची फूटपट्टी चेनवर ठेवायची. एका पिनच्या मध्यापासून चोविसाव्या अंतरावरच्या पिनच्या मध्यापर्यंत कोऱ्या चेनचं माप बरोबर 12 इंच, 304.8 मिलीमीटर. ते 306.3 झालं की चेन अर्धा टक्का झिजली, आणि बारा गिअरच्या गाडीला तिथेच ती बदलावी. हयगय केली तर झिजलेली चेन कॅसेटचे, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्याचे, दात खाते, आणि मग दोन्ही बदलावे लागतात. माझी पहिली चेन चिखलाच्या दिवसांमुळे अपेक्षेच्या निम्म्यात गेली. मागचा डिरेलर (चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) फ्रेमला ज्याने जोडलेला असतो तो हँगर एकदा दगडाला लागून वाकला. तो वाकण्यासाठीच केलेला असतो, डिरेलर आणि फ्रेम वाचावी म्हणून. पण आपल्या गाडीचा हँगर कुठल्या आकाराचा आहे आणि सुटा मिळतो का, हे परीक्षणात कधी वाचलंय तुम्ही?

तर मागणी एवढीच. जागेची अडचण मला कळते, म्हणून दोन ओळींतच बसेल असं मागते. प्रत्येक चाचणीखाली परीक्षकाचं सामानासकट वजन आणि उंची, पुढच्या-मागच्या टायरमधली हवा, सॅगची टक्केवारी, किती किलोमीटर आणि कुठल्या जमिनीवर, एवढं छापा. ताऱ्यांच्या चित्राला लागते त्याहून कमी जागा लागेल. आणि जमलं तर त्याच माणसाला तीच सायकल चार महिन्यांनी पुन्हा लिहायला द्या. गाडी परत द्यावी लागते म्हणून ते जमणार नसेल तर वाचकांना विचारा, आमच्याकडे चार महिने, चार वर्षं चाललेल्या गाड्या आहेत आणि फूटपट्ट्याही आहेत.

आपली,
एक वाचक (54 किलो, सामानासकट 58)

ता. क. लेखात 'साडेसत्तावीस इंची रिम' असं म्हटलंय. टायर जिथे बसतो तिथे त्या रिमचा व्यास 584 मिलीमीटर असतो, म्हणजे जेमतेम 23 इंच. साडेसत्तावीस हे टायर चढवलेल्या चाकाचं नाव, आणि तेही ढोबळ. 29 च्या चाकाची रिम 622 मिलीमीटरची, रस्त्यावरच्या रेसिंग सायकलला असते तीच. अर्धा गुण कापलाय.